उंची वाढवा, पण पाण्यासाठी नाही: खाजगी मातीच्या धरणाची दुरुस्ती

प्रश्न थोडक्यात असा आहे. साक्री तालुक्यात माळमाथ्यावर, स्वतःच्या गटातल्या घळीवर ३५ वर्षांपूर्वी ट्रॅक्टर आणि बैलांच्या केणीने (माती ओढायच्या अवजाराने) घातलेला काळ्या मातीचा बांध आहे. लांबी १२० मीटर. तळापासूनची मूळ उंची साडेपाच मीटर, पण मधला भाग फूटभर बसला आहे. माथा दोन मीटर रुंद, पाण्याकडचा उतार १ ला २ (एक मीटर उंचीला दोन मीटर आडवा), खालचा १ ला दीड. तलाव भरला की बांधापाशी साडेचार मीटर पाणी आणि पाण्याचा पसारा ११० आर. पाणलोट साधारण ४५ हेक्टर, बराचसा उघडा मुरमाड माळ. सांडवा ४ मीटर रुंद, आणि भाद्रपदात त्यावर मातीच्या गोण्या रचून पाणी वाढवलं जातं. बांधाच्या तळातून ६ इंची सिमेंटचा पाइप गेला आहे, त्याचा व्हॉल्व्ह खालच्या बाजूला आहे. दोन वर्षांपासून पाइपाच्या तोंडाशी ओल आणि झिरपा दिसतो. उतारावर बाभळी आहेत. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) पोकलेन लावून गाळ काढायचा, बांध एक मीटर उंच करायचा आणि ओलीच्या जागी बाहेरून काळी माती चोपून गळती बंद करायची, असा बेत आहे. हे बरोबर आहे का?

तिन्ही कामांत काही ना काही बदलावं लागेल. बाहेरून काळी माती चोपणं तर अजिबात करू नका. त्याकडे येतोच, पण आधी पाण्याचा हिशेब, कारण उंचीचा निर्णय त्यावरच ठरतो.

तलावाचा साठा काढायची ढोबळ रीत म्हणजे पाण्याचा पसारा गुणिले बांधापाशी असलेली खोली गुणिले ०.४. तुमच्या आकड्यांनी ११,००० × ४.५ × ०.४, म्हणजे जवळपास २० हजार घनमीटर. खात्याच्या भाषेत २० टीसीएम. आता येणारं पाणी बघा. ४५ हेक्टरवर ५०० मिलीमीटर पाऊस म्हणजे २२५ टीसीएम पडतं. त्यातलं वाहून तलावात येतं ते एवढ्या पावसाला आणि अशा जमिनीला दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २२ टीसीएम. सरासरी वर्षी तलाव एकदा भरतो आणि थोडं सांडतं. पाऊस ३०० मिलीमीटरवर आला तर वाहून येण्याचं प्रमाणही घसरून चार-पाच टक्क्यांवर जातं आणि हाती सहा टीसीएम लागतं. तेव्हा पाऊस चाळीस टक्के घटला म्हणून आवक तेवढीच घटत नाही, जवळपास पाव होते.

एक मीटर उंची वाढवली तर वरच्या थरात साधारण साडेबारा टीसीएम जागा तयार होईल. ती भरायला पाणीच नाही. पाच-सहा वर्षांत एखाद्या वर्षी भरेल, आणि तेवढ्यासाठी जास्तीचा दाब, जास्तीचं बाष्पीभवन आणि जास्तीचा धोका दरवर्षी सोसावा लागेल. खान्देशात उन्हाळ्यात पाणी दिवसाला सेंटिमीटरभर उडतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे पाच महिने धरले तरी रोजचं सरासरी ५ मिलीमीटर, म्हणजे पाऊण मीटर पाणी उडून जातं. तुमच्या पसाऱ्यावर हे पाच-सहा टीसीएम होतं. पाझर आणि तळातलं न निघणारं पाणी वजा केलं की २० पैकी पिकाला ११-१२ उरतं. गव्हाला पाच-सहा पाळ्या धरल्या तर ते सात एकरांना पुरेल. हरभऱ्याला दोन पाळ्या दिल्या तर वीस एकरांपर्यंत. पाणी वाढवायचं असेल तर बांधाच्या उंचीपेक्षा पिकाच्या निवडीत आणि ठिबकमध्ये जास्त हाती लागतं.

तरीही बांधाची उंची वाढवावी लागणारच आहे. पाणी जास्त साठवण्यासाठी नव्हे, तर पूर आला तेव्हा माथ्यावरून पाणी जाऊ नये म्हणून. सांडव्याचा उंबरठा आहे तिथेच ठेवायचा, वरचा माथा उचलायचा.

सांडवा

मातीची छोटी धरणं फुटतात ती बहुतेक दोन कारणांनी: पाणी डोक्यावरून जातं, नाहीतर पोटातून नळी पडते. तुमच्याकडे दोन्हीची तयारी दिसते. पांझरा नदीवरचे फड पद्धतीच्या सिंचनाचे जुने बंधारे चुन्या-दगडाचे होते. पूर त्यांच्या अख्ख्या लांबीवरून जायचा आणि ते उभे राहायचे. मातीच्या बांधाला ती सवलत नाही. माथ्यावरून वीतभर पाणी तासभर वाहिलं तरी खालचा उतार कापत कापत वर येतो आणि पोट उघडं पडतं.

४५ हेक्टरच्या माळावर ढगफुटीसारखा, तासाला १०० मिलीमीटर वेगाचा पाऊस पंधरा-वीस मिनिटं टिकला, तर साध्या गुणाकाराने (पाणलोट, पावसाचा वेग आणि ०.५५ चा गुणांक) सेकंदाला सुमारे ७ घनमीटर पाणी येतं. मुंबई इलाख्यातल्या नद्यांवरून बसवलेलं इंग्लिसचं सूत्र लावलं तर तेच १७ घनमीटर येतं. इंग्लिसचं सूत्र एवढ्या लहान पाणलोटाला जास्तीकडे झुकतं. म्हणून १० वर सांडवा आखायचा आणि १७ आले तरी माथा कोरडा राहतो का, हे तपासायचं.

खोदीव, खडबडीत सांडव्यातून जाणारं पाणी = १.५ × रुंदी × (पाण्याची उंची)चा दीड घात. तुमचा सांडवा ४ मीटरचा आहे आणि बसलेल्या भागात माथा उंबरठ्यापेक्षा फक्त ७० सेंटिमीटर वर आहे. पाणी अगदी माथ्याला टेकलं तरी सांडव्यातून साडेतीन घनमीटरच जाईल, म्हणजे सातच्या पुराच्या निम्मं. त्यात गोण्या रचल्या तर तेही नाही. भाद्रपदात तलाव आधीच भरलेला असतो, माळ भिजलेला असतो आणि परतीचा पाऊस जोराचा येतो. वर्षातल्या सर्वांत धोक्याच्या महिन्यात दार लावून घेण्यासारखं हे होतं. गोण्या आजपासून बंद. सांडव्यात मासे अडवायची जाळीही नको; पहिल्या पुरात काटेरी झुडपं आणि पालापाचोळा अडकून तिची भिंत होते.

रुंदी १५ मीटर करा. ६० सेंटिमीटर पाण्याला त्यातून साडेदहा घनमीटर जातं. १७ चा पूर आला तर पाणी ८३ सेंटिमीटर चढेल. माथा उंबरठ्यापासून दीड मीटर वर ठेवला तर तेव्हाही ६५ सेंटिमीटर कोरडी उंची राहते. लाटा आणि पुढची बसण त्यात भागते. साडेचार अधिक दीड म्हणजे तळापासून सहा मीटर. मधल्या भागात ८० सेंटिमीटर आणि बाकी ५० सेंटिमीटर भराव चढवावा लागेल.

सांडवा कधीही भरावातून काढू नका. टोकाला, मूळ जमिनीत, शक्यतो कडक मुरमात किंवा मांजऱ्यात (मुरमाखालच्या मऊ खडकात) खोदा. उंबरठ्यावर आडवी काँक्रीटची पडदी घाला: ३० सेंटिमीटर जाड, जमिनीत मीटरभर खोल, वरची कड लेव्हल ट्यूबने सरळ रेषेत. ती नसली की पाणी एका बाजूने चर पाडतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत उंबरठा खाली जातो. पुढचा पाट बांधाच्या पायथ्यापासून किमान २५-३० मीटर लांब नेऊन मग नाल्यात सोडा. हरळी धरलेल्या मुरमावर पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या वर गेला की कापणी सुरू होते. उतार जास्त असेल तिथे दगडाच्या पायऱ्या किंवा जाळीचे गॅबियन बसवा. बांधाकडच्या बाजूला सांडव्याला दगडी भिंत हवी, म्हणजे पाणी बांधाचं टोक खात नाही.

गळती: आधी ओळखा, मग हात लावा

मातीचं धरण झिरपतंच. झिरपणं हा दोष नाही. मातीचे कण घेऊन झिरपणं हा दोष आहे. काचेच्या बाटलीत पाणी भरून रात्रभर ठेवा. तळाशी गाळ बसला तर पोटात नळी कोरली जात आहे असं समजा आणि त्याच दिवशी तलाव खाली करायला लागा, पण हळू. काळ्या मातीच्या उतारातलं पाणी लवकर निघत नाही. तलाव झपाट्याने उतरवला तर पाण्याकडचा उतार घसरतो. दिवसाला २०-३० सेंटिमीटर ही मर्यादा पाळा. नळीतून वाढतं गढूळ पाणी येऊ लागलं असेल तर मात्र बांध वाचवण्यासाठी हा नियम बाजूला ठेवावा लागतो.

पाणी स्वच्छ असेल तर मोजायला लागा. ओलीचं पाणी एका चारीत गोळा करा आणि १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते बघा. ३० सेकंदांत भरली तर सेकंदाला अर्धा लिटर, दिवसाला ४३ हजार लिटर, चार महिन्यांत पाच टीसीएम. कायमची सोय म्हणून पत्र्यात ९० अंशांची खाच कापून बसवा. खाचेतून ५ सेंटिमीटर पाणी जात असेल तर सेकंदाला पाऊण लिटर, १० सेंटिमीटर असेल तर ४.४ लिटर. दर आठवड्याला तारीख, तलावाची पातळी आणि गळती वहीत लिहा. पातळी एका ठराविक रेषेखाली गेल्यावर गळती एकदम थांबली तर पाणी शिरण्याची जागा त्या उंचीवर आहे: खेकड्याचं किंवा घुशीचं बीळ, मुळाची पोकळी, भेग. तळ दिसेपर्यंत चालू राहिली तर संशय पायावर किंवा पाइपावर. तलावाची पातळी तीच असताना गळती वाढली, तर पाणी स्वच्छ दिसत असलं तरी गाफील राहू नका.

आता काळी माती बाहेरून का चोपायची नाही ते. आत शिरलेलं पाणी बाहेर यायला वाट शोधतं. तोंड बुजवलं की ते पोटात चढतं, खालचा अख्खा उतार ओला करतं, मातीची पकड जाते आणि उतार घसरतो, किंवा शेजारी नवीन तोंड फुटतं. पाणी अडवायचं ते पाण्याकडच्या बाजूला. खालच्या बाजूला त्याला वाट द्यायची, फक्त माती अडवायची. हे काम गाळणी करते.

ओलीच्या जागेपासून चारी बाजूंनी दोन मीटर जास्त धरून वरची गवताळ माती काढा. ३० सेंटिमीटर धुतलेली जाडी वाळू, त्यावर ३० सेंटिमीटर ६ ते २० मिलीमीटरची खडी, वर अर्धा मीटर गोटा किंवा रबल. तुमची ओल १५ × ६ मीटर धरली तर गाळणी १९ × १० मीटरची होते आणि वाळू वीस ब्रास लागेल. क्रशची वाळू वापरायची तर भुकटी धुऊन काढा, नाहीतर गाळणीच चोंदते. काळ्या मातीला नुसतं जिओटेक्स्टाइल कापड लावून भागत नाही. बारीक कणांनी तेही बंद होतं. गाळणीच्या पायथ्याशी चारी ठेवून तिचं पाणी त्या खाचेच्या पत्र्यावर आणा.

पाइप

ओल पाइपाच्या तोंडाशी आहे, म्हणून माझा पहिला संशय पाइपावरच आहे. व्हॉल्व्ह खालच्या बाजूला असल्यामुळे तो पाइप ३५ वर्षं बारा महिने पूर्ण दाबाखाली भरावात पडून आहे. सिमेंटच्या तुकड्यांचे सांधे बांध बसताना उघडतात. शिवाय गोल पाइपाच्या बगलेखाली माती कधीच नीट कुटली जात नाही, तिथून पाइपाच्या अंगाअंगाने वाट तयार होते. धरणाच्या पोटातून जाणारी नळी ही दुखरी जागा असते, मोठ्या धरणांतही. पानशेतचं मातीचं धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटलं तेव्हा विमोचकाच्या (पाणी सोडायच्या) नळीवरचाच भराव खचला होता.

माझा सल्ला: पाइप बदलू नका, बाद करा. तलाव कोरडा असताना वरचं तोंड काँक्रीटने बंद करा, मग खालच्या बाजूने सिमेंट-वाळूचं पातळ मिश्रण दाबाने भरा. हवा निघायला वर बारीक नळी ठेवा. खालच्या टोकाला पाइपाच्या भोवती दोन-तीन मीटर लांबीत माती काढून वाळूचा वेढा द्या आणि तो गाळणीला जोडा. पूर्वी पाइपाला काँक्रीटच्या कॉलर बसवत. त्यांच्याभोवती माती कुटता येत नाही, म्हणून आता वाळूचा वेढाच बरा मानतात.

पाणी काढायला माथ्यावरून वक्रनलिका, म्हणजे सायफन. ११० मिलीमीटर एचडीपीई पाइप, ६० मीटर लांबी आणि दोन मीटर पातळीफरक असेल तर सेकंदाला १२ लिटर, तासाला ४० हजार लिटरच्या वर पाणी विजेशिवाय मिळतं. पाण्यातल्या टोकाला फूट व्हॉल्व्ह, माथ्यावर पाणी भरायची टी आणि झाकण, खालच्या टोकाला व्हॉल्व्ह. सांधे वेल्डिंगचे हवेत. सुईएवढ्या भोकातून हवा शिरली की सायफन तुटतो. पाणी आणि माथा यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर पडलं की तो भरवशाचा राहत नाही, म्हणून तळातलं शेवटचं मीटरभर पाणी पंपाने काढा. पाइप माथ्यात पुरायचा असेल तर चर पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे सांडव्याच्या उंबरठ्याच्या, खाली जाऊ देऊ नका.

भराव

आधी बाभळी. नुसत्या तोडून खोड ठेवलं की मुळं सात-आठ वर्षांत कुजतात आणि प्रत्येक मूळ म्हणजे तयार नळी. मनगटापेक्षा बारीक झाड असेल तर बुंध्यासकट उपटून खड्डा ओलसर मातीने कुटून भरा. त्याहून मोठं असेल तर तलाव रिकामा असतानाच हात लावा: बोटाएवढी मुळं निघेपर्यंत खोदा, खड्ड्याच्या बाजू तिरक्या करा आणि थराथराने भरा. पायथ्याजवळच्या मोठ्या झाडाच्या खड्ड्यात तळाला वाळू घाला. वारूळ दिसलं तर ते वरून फोडून सोडू नका, आतली पोकळी मीटर-दोन मीटर जाते. घुशी आणि साळिंदराच्या बिळांचंही तसंच, शेवटपर्यंत उकरून भरायचं.

माती आणण्यापूर्वी एक पाच मिनिटांची परीक्षा करा, ती फार महत्त्वाची आहे. वाळलेल्या मातीचा चण्याएवढा खडा काचेच्या ग्लासात पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात अलगद सोडा. विहिरीचं खारं पाणी नको, त्यात खरा निकाल दिसत नाही. खडा ढासळून तळाशी बसला आणि पाणी स्वच्छ राहिलं तर माती ठीक. दहा मिनिटांत खड्याभोवती दुधासारखा धूर पसरला तर ती चोपण, सोडियमवाली माती आहे. ती कितीही कुटली तरी पाण्यात विरघळत जाते आणि नळी पडते. ती वापरू नका. जुना बांधच अशा मातीचा निघाला तर माथ्याच्या आणि पाण्याकडच्या वरच्या फुटभर थरात दोन-तीन टक्के चुना मिसळून कुटा आणि खालच्या गाळणीत काटकसर करू नका.

नवा भराव खालच्या बाजूने चढवायचा: माथा तीन मीटर, खालचा उतार १ ला २. यासाठी मुरूम वापरा, काळी माती नाही. पाण्याकडे घट्ट आणि खालच्या अंगाला मोकळं, हा क्रम उलटला की पोटात पाणी तुंबतं. फक्त माथा उचलताना मधल्या पट्ट्यात मीटर-दीड मीटर काळी माती घ्या आणि ती जुन्या काळ्या भरावात सांधा. वर ३० सेंटिमीटर मुरमाचं पांघरूण हवंच. उघडी काळी माती मार्च-एप्रिलमध्ये हातभर खोल भेगाळते आणि जूनच्या पहिल्या पाण्याला त्या भेगाच वाटा होतात.

तुमच्या छेदाने हिशेब केला तर दाबलेला भराव १,४०० घनमीटर, म्हणजे ५०० ब्रास होतो. ट्रॉलीत सुटा मोजाल तेव्हा सव्वासहाशे ब्रास धरा. जुन्या उतारावरचं गवत आणि वीतभर माती काढून उताराला अर्ध्या मीटरच्या पायऱ्या पाडा. पायऱ्या न पाडता टाकलेला मुरूम जुन्या अंगावर शालीसारखा लटकतो आणि पावसात सरकतो. ओलीची गाळणी आधी पूर्ण करा, तिच्यावरूनच भराव चढेल. गाळणीचं तोंड मात्र बाहेर उघडं राहिलं पाहिजे.

थर सुटा २० सेंटिमीटर, दाबून १५. काळ्या मातीला शिपफूट रोलर, मुरमाला व्हायब्रेटरी, प्रत्येक थरावर आठ ते दहा फेऱ्या. ट्रॅक्टर फिरवला म्हणजे दाबलं असं होत नाही. चाकाखालची पट्टी दाबते आणि मधली भुसभुशीत राहते. ओल तपासायला मूठभर माती दाबून लाडू करा: लाडू टिकला, अंगठ्याने दाबताच दोन-तीन तुकडे झाले आणि हाताला पाणी लागलं नाही, तर बरोबर. भुगा झाला तर टँकर मारून रात्रभर मुरू द्या. मे महिन्याच्या उन्हात कोरडी माती टाकून उरकलेला भराव पहिल्याच पावसाळ्यात बसतो. तुमचा मधला भाग बसला त्याचं कारण बहुधा हेच. माथ्याला पाण्याकडे हलका ढाळ द्या आणि मध्यभागी १० सेंटिमीटर जास्तीची पाठ ठेवा.

तुमच्याकडे वाऱ्याला पळायला पाण्याचा पसारा लहान आहे, म्हणून पिचिंग (लाटांपासून दगडी अस्तर) पूर्ण उताराला नको. पूर्ण संचय पातळीच्या मीटरभर खालपासून माथ्यापर्यंत, १५ सेंटिमीटर खडीवर ३० सेंटिमीटर दगड पुरे. खालच्या उतारावर हरळी लावा. शेळ्या वर चढू देऊ नका.

गाळ

गाळ काढावा, पण तळ उघडा पाडू नये. ३५ वर्षांत बसलेला बारीक काळा गाळ हाच तुमच्या तलावाचं अस्तर आहे. त्याखाली झिजलेला, तडकलेला काळा पत्थर आणि मुरूम असतो. पोकलेनवाल्याला खोल खणायची सवय असते. एकदा मुरूम लागला की पाणी दिवाळीपर्यंतही टिकत नाही. आधी दहा-बारा ठिकाणी खड्डे घेऊन गाळाची जाडी बघा, किमान ६० सेंटिमीटर थर जागेवर ठेवा आणि बांधाच्या पायथ्यापासून १५ मीटर आत बादली घालू नका. एक टीसीएम जागा म्हणजे ३५३ ब्रास, जवळपास तेवढ्याच ट्रॉल्या. हलक्या रानात १० सेंटिमीटर थर द्यायला एकरी १४३ ब्रास लागतात. गाळ त्याच मापाने काढा, म्हणजे ढीग पडून राहत नाहीत.

धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात जमिनीत पूर्व-पश्चिम गेलेले डाईक, म्हणजे काळ्या दगडाच्या उभ्या भिंती, आहेत. ते कुठे पाणी अडवतात, कुठे कडेच्या तड्यांतून सोडतात. तुमच्या पायातून स्वच्छ पाणी झिरपून खालच्या विहिरीला जात असेल तर ते बंद करण्यात पैसे घालू नका, त्याच विहिरीवर मोटार बसवा. सातपुड्याच्या पायथ्याला यावल-रावेर-चोपड्याकडच्या बझाडा, म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या गोट्यांच्या, पट्ट्यात तर साठवणीचा तलाव टिकतच नाही. तिथे बांध पाझरासाठीच घालायचा.

कागद आणि पहिला पावसाळा

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नदी-नाले सरकारच्या मालकीचे असतात. गटातली घळ नकाशावर नाला म्हणून दाखवलेली असेल तर काम सुरू करण्यापूर्वी तहसील कार्यालयात आणि जलसंधारण विभागाकडे परवानगीचं विचारा. मुरूम बाहेरून आणणार किंवा बाहेर नेणार असाल तर गौण खनिजाचा परवाना वेगळा. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ मुख्यतः १५ मीटरवरच्या आणि ठराविक अटीत बसणाऱ्या १० ते १५ मीटरच्या धरणांना लागतो. तुमचा बांध त्यात येत नाही, पण फुटला तर खालच्या शेताची आणि घरांची जबाबदारी मालकावरच येते.

कामाचा क्रम असा ठेवा: फेब्रुवारीपासून हळूहळू पाणी उतरवणं, मग झाडं, पाइप, गाळणी, सांडवा आणि शेवटी भराव. मृगाच्या आत सांडवा पूर्ण नसेल तर त्या वर्षी भराव चढवू नका. उंच बांध आणि अरुंद सांडवा यापेक्षा जुनं आहे तसं बरं. पहिल्या वर्षी तलाव पूर्ण भरेपर्यंत रोज सकाळी खालचा पायथा चालून बघा. माथ्यावर दर वीस मीटरला खुंटी ठोकून लेव्हल घेऊन ठेवा आणि पोळ्यानंतर पुन्हा घ्या.

पायथ्याशी वाळू उकळल्यासारखे बुडबुडे आले तर तोंड बुजवू नका. भोवती गोण्यांचं कडं करा, आत जाडी वाळू आणि खडी टाका, कड्यात पाणी चढू द्या. पाणी निवळलं की त्याला बाजूने वाट द्या. पूर चढत असेल आणि सांडवा अपुरा वाटला तर सांडव्याच्या पलीकडे मूळ कडक जमिनीत जेसीबीने दुसरी वाट काढा. बांधाला कधीच कापू नका. आणि नाल्याच्या खाली वस्ती असेल तर पाणी माथ्याच्या हातभर खाली आलं की लगेच कळवायचं, रात्र असली तरी. चिपळूण तालुक्यातलं तिवऱ्याचं धरण २ जुलै २०१९ ला रात्रीच फुटलं. त्या वस्तीवरच्या तीन-चार जणांचे फोन नंबर मोटारीच्या स्टार्टर पेटीवर ऑइलपेंटने लिहून ठेवा.